परदेशी अपप्रचार मोहिमांवर प्रबंध करायचाय, सुरुवात कुठून करू?

पर्वतीपायथा:
नमस्कार मंडळी. एमए राज्यशास्त्राचं शेवटचं वर्ष चालू आहे आणि प्रबंधाला विषय घेतलाय की दुसऱ्या देशातून चालवलेल्या ऑनलाईन अपप्रचार मोहिमा लोकशाही देश कशा शोधून काढतात आणि मग त्यावर करतात काय. ऐकायला भारी वाटला म्हणून घेतला, आता सिनॉप्सिस लिहायला बसले तर नुसता पसारा. 2016 ची अमेरिकेची निवडणूक घ्यावी तर त्यावर जगाने लिहून झालंय, रोमानिया घ्यावं तर गाईड मॅडम म्हणतात अजून तिथलं काही ठरलेलं नाहीये, तैवान घ्यावं तर निम्मं साहित्य चिनी भाषेत.

मला कोडिंग येत नाही, एक्सेल बऱ्यापैकी येतं. मुख्य अडचण दोन ठिकाणी आहे. एखादी मोहीम "बाहेरची" आहे हे लोक ठरवतात कशावरून, कारण पोस्ट तर कोणीही टाकू शकतं ना? आणि दुसरं म्हणजे याने मतदारांवर खरंच परिणाम होतो असं कोणी दाखवून दिलंय का? व्हायवाला हा प्रश्न येणारच असं मॅडमनी आत्ताच बजावून ठेवलंय. या क्षेत्रात काम केलेलं किंवा नुसतं जवळून बघितलेलं कोणी असेल तर प्लीज सांगा.

कोलोनकर:
जर्मनीत एका होस्टिंग कंपनीत काम करतो, संशोधक वगैरे नाही, पण तुझ्या पहिल्या प्रश्नाशी कामामुळे थोडा संबंध येतो म्हणून लिहितोय. लांबलचक होईल, सांभाळून घे.

माझं ऐकशील तर "डॉपेलगँगर" नावाची रशियन मोहीम घे. 2022 च्या सप्टेंबरमध्ये ईयू डिसइन्फोलॅब आणि कुरियम या दोन संस्थांनी मिळून ते बाहेर काढलं. भानगड अशी होती की स्पीगल, बिल्ड, गार्डियन असल्या पेपरांच्या वेबसाईटची हुबेहूब नक्कल करायची, पत्ता जवळपास तोच पण शेपूट वेगळं, म्हणजे स्पीगल डॉट डीई च्या ऐवजी स्पीगल डॉट एलटीडी, बिल्ड डॉट डीई च्या ऐवजी बिल्ड डॉट पिक्स. पानावर लोगो तोच, फॉन्ट तोच, आणि वर कडी म्हणजे बाजूच्या बाकीच्या लिंकवर क्लिक केलं तर खऱ्या पेपरच्याच साईटवर जातं. खोटा फक्त मधला एक लेख. युक्रेनी निर्वासितांमुळे आपलं कसं वाटोळं होतंय, रशियावरच्या निर्बंधांमुळे थंडीत आपणच कसे गारठून मरणार, असल्या धर्तीचा. मग तो लेख फेसबुकवर जाहिरात देऊन पसरवायचा. मेटाच्याच अहवालात आहे की साधारण 1 लाख 5 हजार डॉलर जाहिरातींवर खर्च झाले होते आणि अशा 60 हून जास्त साईट होत्या.

आता "बाहेरची" कशावरून. इथे लेख खरा की खोटा याच्याशी सुरुवातीला काही देणंघेणंच नसतं. बघायचं असतं ते सामान कसं हललं. जाहिरातीतल्या लिंकवर क्लिक केलं की थेट बनावट पान उघडत नाही, मध्ये दोनतीन उड्या असतात आणि त्या उड्यांमध्ये तुमचा आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, कुठल्या देशातला ते तपासलं जातं. जर्मनीतून आलात तर बनावट पेपर, दुसरीकडून आलात तर भलतंच निरुपद्रवी पान. म्हणजे पुण्यात बसून तू लिंक उघडलीस तर म्हणशील यात काय आहे एवढं. एवढी तजवीज कोणी गंमत म्हणून करत नाही, त्याला पैसा लागतो आणि पगारी माणसं लागतात. मग डोमेन, म्हणजे साईटचे पत्ते, कधी घेतले, कुठून घेतले, कुठल्या सर्व्हरवर एकत्र राहतात हे जुळवत जायचं. काही व्हिडिओ फाईल रशियन भाषेवर सेट केलेल्या कॉम्प्युटरवर बनल्या होत्या आणि त्यातल्या एकाचं घड्याळ सैबेरियातल्या इर्कुट्स्कच्या वेळेवर लावलेलं होतं. असल्या बारक्या गोष्टी एकएकट्या काहीच सिद्ध करत नाहीत, कोणीही मुद्दाम पेरू शकतो, म्हणून ढिगाने लागतात.

त्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये मेटाने नावं घेतली, स्ट्रक्तुरा आणि सोशल डिझाईन एजन्सी, दोन्ही रशियन कंपन्या. 2023 च्या जुलैत युरोपीय संघाने त्यांच्यावर निर्बंध घातले आणि 2024 च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने 32 डोमेन जप्त केले. म्हणजे शोध, नाव घेणं, शिक्षा, सगळे टप्पे एकाच केसमध्ये मिळतात आणि कागदपत्रं इंग्रजीत आहेत. प्रबंधाला याहून सोयीचं काय हवंय.

तिरकस_तात्या:
वा वा. रशियाने केलं की अपप्रचार, अमेरिकेने केलं की जनसंपर्क. मुली, त्या प्रबंधात एक प्रकरण पेंटागॉनवर पण टाक. 2020 मध्ये कोविड ऐन भरात असताना फिलिपिन्समध्ये खोटी अकाउंटं उघडून चिनी लस बेकार आहे म्हणून अमेरिकी सैन्याने बोंब मारली होती, हे मी नाही म्हणत, रॉयटर्सने 2024 च्या जूनमध्ये छापलंय, तीनशेच्या आसपास अकाउंटं त्यांनीच शोधली होती. लोक मरत होते आणि यांना चीनची जिरवायची होती.

आणि दुसरं, बाहेरच्यांची गरजच काय आहे आपल्याला? धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात राईनपाड्याला 2018 च्या जुलैत मुलं पळवणारी टोळी म्हणून पाच जणांना जमावाने ठेचून मारलं, बिचारे नाथपंथी डवरी गोसावी भिक्षा मागायला आले होते. कोणत्या पुतिनने पाठवला होता तो मेसेज? आपलेच काकालोक, गुड मॉर्निंगच्या फुलांबरोबर.

कोलोनकर:
तात्या, पेंटागॉनचं शंभर टक्के मान्य, ते प्रबंधात यायलाच हवं. त्याच्याही आधी 2022 च्या ऑगस्टमध्ये ग्राफिका ही संशोधन कंपनी आणि स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या लोकांनी पाश्चात्त्यांच्या बाजूच्या छुप्या मोहिमेवर अख्खा अहवाल काढला होता, आणि त्यातली गंमत म्हणजे बहुतेक पोस्टना ढुंकून कोणी लाईकसुद्धा केलं नव्हतं.

राईनपाड्याचं दुःख वेगळं आहे. तिथे कोणी ठरवून मोहीम चालवली नव्हती, अफवा होती. त्या वेळी देशभर मुलं पळवण्याचा जो व्हिडिओ फिरत होता तो मुळात कराचीतल्या एका जनजागृतीच्या फिल्ममधला, शेवटचा संदेश कापलेला. व्हिडिओ पाकिस्तानातला होता, पण त्यामागे पाकिस्तानने चालवलेली मोहीम असल्याचं कुठेच निघालं नाही. प्रबंधात ही सरमिसळ झाली की परीक्षक सोलून काढतील.

आणि "आपण आणि ते" असं धरून चालू नका. ईयू डिसइन्फोलॅब, म्हणजे डॉपेलगँगर काढणारीच संस्था, 2020 च्या डिसेंबरमध्ये "इंडियन क्रॉनिकल्स" नावाचा अहवाल घेऊन आली होती. दिल्लीतला श्रीवास्तव ग्रुप, बंद पडलेल्या संस्थांची नावं उठवून वापरलेली, 750 हून जास्त बनावट मीडिया साईट, सगळं पाकिस्तानची बदनामी करायला, पंधरा वर्षं चाललेलं, असा त्यांचा दावा. एका मृत प्राध्यापकाचं नाव त्यांच्या निधनानंतरच्या कार्यक्रमात हजर म्हणून लावलं होतं.

जय_सह्याद्री:
आला का मुद्द्यावर! कुठल्यातरी ब्रसेल्सच्या एनजीओने काहीही खरडलं की आपण इथे पसरवायचं. त्यांना फंडिंग कोणाचं ते पण सांगा जरा. परराष्ट्र खात्याने तेव्हाच सांगितलं होतं की भारत जबाबदार लोकशाही आहे, असले धंदे करत नाही. ताई, असल्या नादाला लागू नका, डिग्री अडकेल.

कोलोनकर:
अहो, परराष्ट्र खात्याचं उत्तर पण तिने लिहावं की, कोण नाही म्हणतंय. आणि फंडिंगचा प्रश्न चांगलाच आहे, प्रत्येक संस्थेबद्दल विचारावा, फक्त आपल्याला न आवडलेल्या अहवालाच्या वेळीच नको. त्या अहवालातसुद्धा हे थेट सरकारने केलं असं सिद्ध झाल्याचं म्हटलेलं नाहीये, कंपनीपर्यंत नेऊन थांबलेत. कुठे थांबायचं हे कळणं या कामात मोठं असतं.

शिंचूकर:
उशिरा आलो. तैवानमध्ये शिंचूला चिपच्या कंपनीत आहे, 2024 ची निवडणूक इथे राहून बघितली, म्हणून थोडं.

पर्वतीपायथा, तुमच्या दुसऱ्या भागाला, म्हणजे उपाय काय करतात याला, तैवानइतका मसाला कुठेच मिळणार नाही. इथे व्हॉट्सअ‍ॅप कोणी फारसं वापरत नाही, सगळं "लाईन" नावाच्या अ‍ॅपवर. कोफॅक्ट्स म्हणून एक बॉट आहे, 2016 पासून, गव्हझीरो नावाच्या हौशी प्रोग्रामर मंडळींनी केलेला. सासूबाईंनी काही भयंकर फॉरवर्ड केलं की तुम्ही ते तसंच बॉटला ढकलायचं, आधी कोणी तपासलेलं असेल तर लगेच उत्तर येतं, नसेल तर स्वयंसेवक बघतात. सगळा डेटा खुला आहे, तुम्हाला डाउनलोड करता येईल. सरकारचा यात हात नाही म्हणून विरोधी पक्षाचे लोकही वापरतात, आणि माझ्या मते सगळं तिथेच आहे.

मतमोजणी बघण्यासारखी असते. दुपारी चारला मतदान संपलं की त्याच शाळेच्या वर्गात पेटी उघडतात, एकेक कागदी मतपत्रिका डोक्यावर धरून दाखवतात, नाव मोठ्याने पुकारतात आणि भिंतीवरच्या कागदावर दुसरा माणूस रेघ मारतो. कोणीही जाऊन उभं राहावं, शूटिंग करावं. 13 जानेवारी 2024 ला मी आमच्या गल्लीतल्या शाळेत गेलो होतो, मागे आजीबाई खुर्च्या टाकून बसलेल्या, एक जण तर फळं सोलून खात होती. मग रात्री "मोजणीत घोळ" म्हणून क्लिप यायला लागल्या, रेघ चुकली आणि लगेच दुरुस्त केली तेवढाच तुकडा कापून. पण ज्यांनी स्वतः उभं राहून बघितलंय त्यांना ते पटवणं अवघड जातं. फॅक्टचेकवाल्यांनी हे येणार हे धरून आधीच मोजणी कशी चालते ते समजावून ठेवलेलं होतं.

आता तुमच्या "बाहेरची कशावरून" या प्रश्नाला एक काटा. 2018 च्या सप्टेंबरमध्ये जपानला जेबी वादळ आलं, ओसाकाच्या कान्साई विमानतळाचा संपर्क तुटला, प्रवासी अडकले. बातमी पसरली की चिनी दूतावासाने बस पाठवून आपली माणसं सोडवली आणि तैवानचं कार्यालय झोपलं होतं. बस खरं तर विमानतळानेच सगळ्यांसाठी लावल्या होत्या. तैवानच्या ओसाका कार्यालयाच्या प्रमुखाने त्या टीकेच्या काळात जीव दिला. सगळे म्हणाले चीनचं काम, चिनी साईटवर ती बातमी झळकली होतीच. पण पुढच्या वर्षी तैवानमध्येच खटला दाखल झाला, तो त्या कार्यालयावर ऑनलाईन तुटून पडण्यासाठी इथल्याच लोकांना पैसे दिल्याचा. म्हणजे ठिणगी तिकडची, फुंकर घरची. तुमच्या एक्सेलमध्ये याला कुठल्या रकान्यात टाकणार?

टॉयलेट पेपरचं पण असंच. 2020 च्या फेब्रुवारीत अफवा उठली की मास्कला कागद लागतोय म्हणून टॉयलेट पेपर संपणार, दुकानं रिकामी. पंतप्रधान सू त्सेंगचांग यांनी फेसबुकवर स्वतःचंच कार्टून टाकलं, पाठमोरे, ढुंगण हलवताना, आणि वर लिहिलं की प्रत्येकाला एकच असतं. खाली एक साधा तक्ता, मास्कचा माल देशातला, टॉयलेट पेपरचा दक्षिण अमेरिकेतला. लोक हसले, प्रकरण संपलं. ही अफवा चीनची नव्हती, इथल्याच विकणाऱ्यांपर्यंत पोचली. उपाय तोच चालला. आपल्याकडे एखाद्या मुख्यमंत्र्याने असं कार्टून टाकल्याची कल्पना करून बघा, आधी संस्कृतीरक्षक येतील.

वकीलीणबाई:
शिंचूकर, शेवटचं वाक्य अगदी. 😄

मी उच्च न्यायालयात प्रॅक्टिस करते, मुंबईत, म्हणून उपायाच्या दुसऱ्या टोकाचं सांगते. सरकारनेच ठरवायचं ठरवलं की खोटं काय, तर काय होतं याचं उदाहरण घरचं आहे. 2023 मध्ये आयटी नियमात दुरुस्ती करून केंद्राने स्वतःच्या कारभाराबद्दलचा मजकूर खोटा की दिशाभूल करणारा हे ठरवायला फॅक्ट चेक युनिट आणायचं ठरवलं. कुणाल कामरा आणि इतर मुंबई उच्च न्यायालयात गेले. 2024 च्या जानेवारीत न्या. गौतम पटेल आणि न्या. नीला गोखले यांचे निकाल परस्परविरोधी आले, मग तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांच्याकडे गेलं आणि सप्टेंबरमध्ये ती दुरुस्ती घटनाबाह्य ठरली. यात परदेशी हस्तक्षेपाचा संबंध नव्हता, पण तुमच्या प्रबंधातल्या प्रत्येक देशाला हाच प्रश्न विचारा की तिथे ठरवणारा कोण आहे.

फ्रान्सचं विजिनम बघा, 2021 मध्ये स्थापन झालं. पंतप्रधानांच्या अखत्यारीतलं सरकारी खातंच, पण त्यांचं काम मजकूर खरा की खोटा हे सांगण्याचं नाही, बाहेरून कृत्रिमरीत्या फुगवलंय का एवढंच बघायचं. 2023 च्या ऑक्टोबरअखेर पॅरिसमध्ये भिंतींवर निळ्या स्टेन्सिलने डेव्हिडचे तारे, म्हणजे ज्यूंचं चिन्ह, रंगवलेले सापडले, गाझाचं युद्ध नुकतं पेटलेलं, ज्यू लोक घाबरले, देशात एकच चर्चा. एका मोल्डोव्हन जोडप्याला पकडलं. विजिनमने काय दाखवलं, तर एक्सवर 1,095 बॉट अकाउंटांनी याच्यावर 2,589 पोस्ट टाकल्या, आणि त्या जाळ्याने फोटो 28 तारखेच्या संध्याकाळीच टाकले होते, जेव्हा खऱ्या लोकांचे फोटो 30 तारखेला यायला लागले. म्हणजे भिंत कोणी बघायच्या आधी बॉटला माहीत! जाळं कुठलं, तर कोलोनकर म्हणतात तेच डॉपेलगँगरचं. एवढं सांगून थांबले, कोणाची पोस्ट काढा म्हणाले नाहीत.

आणि रोमानियाबद्दल तुमच्या मॅडम बरोबर बोलतायत. 24 नोव्हेंबर 2024 ला राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार कालिन जॉर्जेस्कू पहिल्या फेरीत पुढे, टिकटॉकवर तुफान, प्रचाराचा खर्च शून्य दाखवलेला. 6 डिसेंबरला घटना न्यायालयाने निवडणूकच रद्द केली, दुसरी फेरी दोन दिवसांवर असताना. त्यानंतर तिथल्याच पत्रकारांनी छापलं की टिकटॉकवरच्या एका हॅशटॅग मोहिमेचे पैसे एका जुन्या देशी पक्षाने मोजले होते. वकील म्हणून सांगते, लाखो लोकांनी दिलेलं मत रद्द करायला पुरावा याहून फार जाड लागतो. इतरांचं मत वेगळं असू शकतं.

पर्वतीपायथा:
बापरे, एवढं सगळं! खूप खूप आभार. शिंचूकर, तो रकान्याचा प्रश्न काल रात्रभर डोक्यात होता, मी आता "उगम" आणि "वाढवणारे" असे दोन वेगळे रकाने करतेय. तात्या, पेंटागॉन घेतलं, खूश?

पण परिणामाचं राहिलंच की. हे सगळं करून मतं फिरतात का?

कोलोनकर:
मुद्दाम मागे ठेवलं होतं. 2023 च्या जानेवारीत नेचर कम्युनिकेशन्समध्ये आलेला अभ्यास आधी वाच. 2016 च्या वेळी रशियन ट्रोल अकाउंटांचे ट्वीट अमेरिकेत कोणाला दिसले हे बघितलं, तर जेवढं काही दिसलं त्यातलं 70 टक्के फक्त 1 टक्का लोकांना, आणि ते बहुतेक आधीच कट्टर रिपब्लिकन. मत किंवा विचार बदलल्याचा पुरावा सापडला नाही. हे फक्त ट्विटरचं आहे, फेसबुकचं नाही, हॅकिंग करून फोडलेल्या ईमेलचं तर नाहीच, तेव्हा "काहीच होत नाही" असंही लिहू नकोस.

उलट्या बाजूला ह्यूस्टन बघ. 21 मे 2016, एका इस्लामिक सेंटरच्या समोर रस्त्याच्या एका बाजूला टेक्सासवाले झेंडे घेऊन, दुसऱ्या बाजूला त्यांच्या विरोधातले. दोन्ही बाजूंना बोलावणारी फेसबुक पेज रशियातल्या सेंट पीटर्सबर्गच्या एकाच ऑफिसातून चालवलेली. सिनेटच्या समितीच्या अध्यक्षांनी सांगितलं की जाहिरातीचा खर्च साधारण 200 डॉलर. मत फिरलं नसेल एकाचंही, पण खरी माणसं रस्त्यावर आली ना.

म्हणून मोजायला बेन निम्मो या अपप्रचाराच्या अभ्यासकाची सहा पायऱ्यांची पट्टी वापर, ब्रेकआउट स्केल म्हणतात. तळाला एकाच प्लॅटफॉर्मवर आपापसात घुटमळणारी पोस्ट, मग दुसऱ्या प्लॅटफॉर्मवर, मग छापील किंवा टीव्ही मीडियात, मग एखाद्या सेलिब्रिटीच्या तोंडी, आणि सर्वात वर धोरण बदलणं किंवा हिंसेची हाक. एक्सेलवाल्याला यापेक्षा सोपं काही नाही. डॉपेलगँगरच्या बहुतेक पोस्ट तळालाच मेल्यात. पॅरिसचे तारे टीव्हीवर गेले, पण त्यात बॉटांचा वाटा किती आणि बातम्यांचा किती, हे भांडण तुझ्या प्रबंधात मस्त होईल.

2024 मध्ये सोशल डिझाईन एजन्सीची आतली कागदपत्रं फुटली, त्यात हे लोक वरच्यांना दाखवायला पाश्चात्त्य पेपरांतल्या, फॅक्टचेकवाल्यांच्या उल्लेखांची कात्रणं जमवतात, बघा साहेब आपली केवढी चर्चा, पुढच्या वर्षीचं बजेट द्या. म्हणजे आपण घाबरून मोठमोठे मथळे दिले की त्यांचं अप्रेझल चांगलं होतं. आणखी एक मोहीम आहे, फिनलंडच्या चेकफर्स्टने 2024 च्या जूनमध्ये काढलेली, "ऑपरेशन ओव्हरलोड", तिच्यात तर आठशेहून जास्त न्यूजरूम आणि फॅक्टचेकर्सना ईमेल करून स्वतःचंच खोटं "कृपया तपासा" म्हणून पाठवत होते. वेळ खायचा आणि जमलं तर प्रसिद्धी मिळवायची.

तिरकस_तात्या:
हे अप्रेझलचं वाचून मात्र पटलं. सरकारी बाबू जगात कुठेही गेला तरी सारखाच.

पर्वतीपायथा:
😂 मॅडमना मेल टाकलाय. डॉपेलगँगर, फक्त फ्रान्स आणि जर्मनी, 2022 ते 2024, आणि "परिणाम" ऐवजी पोहोच मोजणार. डेटा मात्र कुठून आणू? फेसबुकवरच्या पोस्ट कशा पसरतात ते दाखवणारं मेटाचं क्राउडटँगल बंद झालं म्हणतात.

कोलोनकर:
हो, 2024 च्या ऑगस्टमध्ये मेटाने बंद केलं, एक्सने त्याच्या आधीच 2023 मध्ये फुकटचा दरवाजा लावून घेतला, आणि ऑनलाईन अपप्रचाराचा अभ्यास करणारी स्टॅनफर्डची इंटरनेट ऑब्झर्व्हेटरी 2024 मध्ये मोडीत निघाली, परदेशी अपप्रचारावर लक्ष ठेवणारं अमेरिकी परराष्ट्र खात्याचं केंद्र त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये. युरोपच्या डिजिटल सेवा कायद्यात संशोधकांना डेटा देण्याची सक्ती आहे पण तुला पुण्यातून एकटीने ते मिळवताना नाकी नऊ येतील. नवा डेटा गोळा करायच्या मागे लागूच नकोस. विजिनमचे तांत्रिक अहवाल इंग्रजीत आहेत, कुरियमचे आहेत, मेटाचे तिमाही अहवाल आहेत ज्यात डोमेनच्या याद्या दिलेल्या असतात, अमेरिकेच्या जप्तीचं शपथपत्र आहे ज्याला रशियन कंपनीची मीटिंगची टिपणं जोडलेली आहेत, ते तर कादंबरीसारखं वाचशील. ते सगळं एका तक्त्यात लाव.

डोमेन स्वतः उघडून बघायचा मोह होईल, करू नकोस, वेबॅक मशीनवर आधीच साठवलेलं पान बघ. आणि प्रबंधात लिंक जिवंत ठेवू नकोस, डॉटच्या जागी चौकटी कंस टाकून मोडून लिहितात, तशी पद्धतच आहे. मॅडमचं उत्तर आलं की सिनॉप्सिस इथेच टाक, वकीलीणबाई आणि मी बघतो.

जय_सह्याद्री:
शपथपत्राची लिंक मिळेल का?